गवती चहात सोनं उकळण्याची सोपी कृती

ही कृती नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, ज्यांना पीएच.डी.साठी गाइड मिळाले आणि गाइडांनी पहिल्याच भेटीत ‘काहीतरी इंटरडिसिप्लिनरी करू या’ असं म्हटलं, त्या सगळ्यांसाठी. या शब्दाला घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं सामान रसायनशास्त्र विभागात राहणार, सॅम्पल मटेरिअल सायन्सकडे जाणार, पेशी बायोटेक्नॉलॉजीत मरणार आणि तिन्ही विभागांना तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी विभागाचे वाटणार. म्हणून पहिलं साधन म्हणजे चांगल्या चपला. तिन्ही इमारतींमधलं अंतर पायी मोजून ठेवा. वाटेत कॅन्टीन लागतं, त्याला चौथा विभाग समजा. बाकीच्या तिघांतली माणसं एकमेकांशी बोलतात ती तिथेच.

‘मटेरिअल सायन्स’ला मराठी शब्द शोधत बसू नका. ‘पदार्थविज्ञान’ म्हणावं तर तो शब्द फिजिक्सवाल्यांनी कधीच नेला, आणि घरी सांगितलंत तर आजी विचारेल, कुठला पदार्थ करतोस? प्रश्न तसा चुकीचा नाही.

साहित्य: मूठभर गवती चहा, डिस्टिल्ड वॉटर, कात्री, चंचुपात्र आणि सोनं. सोनं सराफाकडचं नव्हे. क्लोरोऑरिक आम्लाचे पिवळे स्फटिक काचेच्या इवल्याशा बाटलीत येतात, एका ग्रॅमला काही हजार रुपये पडतात. त्यासाठी तीन कोटेशनं, विभागप्रमुखांची सही आणि स्टोअरची नोंद लागते. हे सगळं होईपर्यंत गवती चहा दोनदा कापून पुन्हा वाढलेला असतो. बाटली उघडल्यावर धातूचा चमचा लावू नका. आम्ल चमच्याला खातं, सोनं चमच्यावर बसतं आणि तुमच्याकडे सोन्याचा मुलामा दिलेला सरकारी चमचा उरतो. स्फटिक हवेतलं पाणीही भराभर ओढतात. त्यामुळे वजन करताना फोन आला तर घेऊ नका, आईचा असला तरी.

ही थट्टा वाटत असेल तर थोडा इतिहास सांगतो. 2004 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्याच जातकुळीतल्या गवताचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. खोलीच्या तापमानालाच त्यात सोन्याचे चपटे, सपाट त्रिकोण तयार झाले. तो शोधनिबंध ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये आला. आधी बारीक गोल कण तयार होतात, अर्कातल्या अल्डिहाइड आणि कीटोन गटांमुळे ते जणू पातळ राहतात आणि एकमेकांत मिसळून त्रिकोण बनतात, असं त्यांनी मांडलं. हे त्रिकोण डोळ्याला न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाशही शोषतात. म्हणजे पानाने नुसतं सोनं पाडलं नाही, सोन्याला आकार दिला. का दिला, हा तिथला खरा प्रश्न होता. पुढे या वाटेने आलेल्या बहुतेकांनी प्रश्न तिथेच ठेवला आणि पान तेवढं बदललं.

आता कृती. आधी काचेची भांडी धुवा. साबणाने नव्हे, अम्लराजाने: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक. सोनं विरघळवणारं म्हणून त्याला राजा म्हणतात. ते धुराड्याखालीच करा आणि उरलेलं बुचाच्या बाटलीत भरून ठेवू नका, आत वायू साठतो आणि रात्री बाटली फुटते. भांड्यात आधीच्या मुलाच्या सोन्याचा एक कण जरी चिकटून राहिला, तरी तुमचे कण त्याच्यावरच वाढायला लागतात. संशोधनात वारसा असा मिळतो.

पानं धुवा, बारीक कापा, पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा. साखर आणि दूध घालायचा मोह आवरा. गार झालेला अर्क सोन्याच्या द्रावणात ओता आणि थांबा. पिवळा रंग उडतो, मग हळूहळू तांबूस, लालसर, तपकिरी छटा येऊ लागतात. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो, तो येऊ द्या. पुढच्या चार वर्षांत असे क्षण फार येत नाहीत. शुद्ध माणकासारखा लाल रंग हवा असेल तर गवताऐवजी सायट्रेट घ्या. लिंबाच्या आंबटपणाचं हे मीठ घेऊन टर्केविच यांनी 1951 साली ही पद्धत मांडली, आणि ती आजही पहिल्या दिवशी शिकवतात. त्याआधी 1857 मध्ये मायकेल फॅरेडेने फॉस्फरस वापरून असंच लाल सोनं केलं होतं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत आणि अजून लाल आहेत. आपल्या फ्रिजमधलं सॅम्पल दिवाळीपर्यंत टिकत नाही, हा भाग वेगळा.

हा रंग कणांच्या आकारमानाचा आहे. वीस नॅनोमीटरच्या आसपासचा गोल सोन्याचा कण 520 नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला गिळतो, म्हणून आपल्याला लाल दिसतो. नॅनोमीटर म्हणजे किती, असं घरी कोणी विचारलं तर सांगा, तुमचं नख एका सेकंदात साधारण तेवढं वाढतं. त्यानंतर घरचे नखाकडे बघत बसतात आणि लग्नाचा विषय दोन मिनिटं मागे पडतो.

मटेरिअल सायन्सचा टप्पा लवकर उरकू. टेमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, स्लॉट मिळवा, मिळाला नाही तर ऑपरेटर सरांसाठी चहा न्या, यंत्र बंद असेल तर पुढच्या महिन्यात या. कण दिसले की त्यांतले सुबक तेवढेच निवडून फोटो काढू नका. सगळे हे करतात, म्हणूनच सांगतोय.

आता खरी परीक्षा. सॅम्पल हातात घेऊन कॅन्टीनवरून बायोटेकच्या इमारतीत या. इथली भाषा वेगळी आहे. रसायनवाला ‘शुद्ध’ म्हणतो तेव्हा दुसरं रसायन मिसळलेलं नाही, असं त्याला म्हणायचं असतं. जीवशास्त्रवाल्याच्या लेखी शुद्ध म्हणजे जंतू नसलेलं. तुमची अम्लराजाने धुतलेली बाटली त्यांच्या लेखी उकिरडा आहे. त्यांचं दहा टक्के सीरम घातलेलं पोषणद्रव तुमच्या लेखी खिचडी. दोघांचंही बरोबर आहे.

त्या खिचडीत तुमचं सोनं टाका आणि पाहा. सायट्रेटवाले कण साध्या सलाइनच्या पाण्यातही तग धरत नाहीत. मीठ लागलं की एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण बघता बघता निळं-जांभळं होतं. पानाच्या अर्काचं आवरण असलेले कण जरा चिवट असतात. पण सीरम असलं की त्यातली प्रथिनं कुठल्याही कणाभोवती लगेच गोळा होतात, आणि पेशीला भेटतो तो तुम्ही केलेला कण नसतोच. प्रथिनांचं पांघरूण घेतलेलं भलतंच काहीतरी तिच्या दारात उभं राहतं. इथे पहिल्यांदा लक्षात येतं की तीन शास्त्रं एकत्र आणणं म्हणजे तीन प्रकरणं एका बाइंडिंगमध्ये घालणं नव्हे. पहिल्या प्रकरणातला पदार्थ तिसऱ्या प्रकरणात उरलेलाच नाही.

पेशी कोणत्या घ्यायच्या? बहुतेक वेळा हेलाच मिळतात. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून त्या घेतल्या, तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. पेशी अजून वाढताहेत, तुमच्या 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्येसुद्धा. एवढं आठवून मग पिपेट उचला.

कण विषारी आहेत का, हे पाहायला एमटीटी करतात. पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, यंत्र 570 नॅनोमीटरला जांभळेपणा मोजतं. जांभळं जास्त, म्हणजे पेशी जास्त जिवंत. सोपं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. कारण तुमचं सोनं स्वतःच रंगीत आहे आणि 570 त्याच्या रंगापासून फार लांब नाही. त्याहून वाईट म्हणजे वनस्पतींच्या अर्कातली बरीच द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीचं जांभळं करतात. त्यामुळे प्लेटमधल्या मेलेल्या पेशींच्या खड्ड्यातही यंत्राला जीव दिसतो, आणि तुमचे कण ‘जैविकदृष्ट्या सुरक्षित’ ठरतात.

पहिल्या प्लेटच्या निकालावर मी आमच्या गाइड मॅडमना पेढे दिले होते. दुसऱ्या वर्षी एका सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, पेशी न घालता यंत्रावर वाचून पाहिलं का? पाहिलं नव्हतं. रसायनशास्त्रात असताना मला ते जीवशास्त्राचं काम वाटलं होतं, आणि बायोटेकमध्ये त्यांना माझं. मग पाहिलं. रिकाम्या खड्ड्यांत माझा अर्क मजेत जांभळा होत होता. प्रबंधातलं एक प्रकरण त्यानंतर फार बारीक झालं.

जंतूंवर प्रयोग करणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. सिल्व्हर नायट्रेटपासून अर्काने केलेले चांदीचे कण आगरच्या प्लेटवर ठेवले की भोवती जंतू न वाढलेलं गोल वर्तुळ पडतं, फोटो सुंदर येतो. पण न वापरलं गेलेलं सिल्व्हर नायट्रेट द्रावणात उरलं असेल तर तेही जंतू मारतंच. नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि नुसता अर्क शेजारी ठेवल्याशिवाय ते वर्तुळ कुणाचं, हे कळत नाही.

तिन्ही शास्त्रं नीट एकत्र आली की काय होतं, ते बघायला मेडिकलच्या दुकानात जा. घरी करायच्या गर्भचाचणीच्या बऱ्याच पट्ट्यांत जी लाल रेघ उमटते ती सोन्याच्या गोल कणांची असते. कण रसायनवाल्याचे, त्यांना चिकटवलेली प्रतिपिंडं जीवशास्त्रवाल्याची, द्रव वर ओढणारी नायट्रोसेल्युलोजची पट्टी मटेरिअलवाल्याची. प्रतिपिंडं सोन्याला चिकटवून वापरण्याची युक्ती फॉक आणि टेलर यांनी 1971 मध्ये दाखवली. आणि त्या पट्टीवर दुसरी एक रेघ असते, कंट्रोलची. ती उमटली नाही तर पहिली रेघ काहीही सांगो, पट्टी फेकून द्यायची असते.

तेव्हा पुढच्या वेळी तुळस, कडुलिंब की कढीपत्ता हा वाद घालण्याआधी एवढं करा: पान कुठलं आणि कोणत्या महिन्यात तोडलं ते बाटलीवर लिहा. प्लेटमध्ये 96 खड्डे असतात. त्यांतले सहा पेशींविना ठेवा आणि तिथे नुसता अर्क आणि नुसते कण घाला. मॅडम विचारतील, हे सहा वाया का घालवतोस? त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन जा.