टोचनवाले शेट

पोलादपूरला महाबळेश्वरचा फाटा जिथे मुंबई-गोवा महामार्ग सोडतो, तिथल्या चहाच्या टपरीवर शेट सकाळी आठला हजर असतात. शेट म्हणजे सावकार नव्हे. आमच्याकडे ज्याच्या नावावर एक पिकअप आणि डोक्यावर तिचे हप्ते, तो शेट. असे शेट महाडला आहेत, बिरवाडीला आहेत, वरंधलाही आहेत. मी पोलादपूरच्यांबद्दल बोलतोय, पण बाकीच्यांनी अंगाला लावून घ्यायला हरकत नाही.

गाडी एमएच-०६. पुढे लिंबू-मिरची, मागे टोचनाचा, म्हणजे दुसरी गाडी ओढायचा हूक. लिंबू दर शनिवारी बदलतं; हूकची पिन बदलायला अजून मुहूर्त सापडलेला नाही. तिचा खडखड आवाज थांबावा म्हणून जुन्या चपलेचं रबर कोंबलेलं आहे. या हूकला बहुतेक वेळा मिक्सर असतो. कुठल्याही वाडीवर स्लॅब पडायचा असला की दोन चाकांचं ते सिमेंटने माखलेलं धूड शेटच्या मागून डोलत निघतं. त्याला ना ब्रेक, ना दिवा. मागे एक लाल फडकं, आणि हौद्यात हातात उटी घेऊन बसलेला किन्नर. चढावर गाडी थांबली रे थांबली की उडी मारून चाकाखाली उटी सरकवायची. हेच त्या पोराचं शिक्षण आणि हाच विमा.

बाकी हंगाम पर्यटकांचा. क्लच जाळून घाटात उभे राहिलेले लोक शेटना देवासारखे दिसतात, आणि शेटनाही ते तसेच दिसतात. म्हणूनच २०२३च्या गणपतीत कशेडीचा बोगदा हलक्या गाड्यांना खुला झाला, तेव्हा अख्खा कोकण खूश आणि शेट एकटे सुतकात. "आख्खा घाट पोखरला वो. आमच्या पोटातनंच भोक पाडलं."

तरी महाबळेश्वरचा आंबेनळी घाट शाबूत आहे. पोलादपूरपासून वर साधारण चाळीस किलोमीटर, आणि महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा जवळपास सातव्या हिश्शाने कमी. साध्या इंजिनाला धाप लागते. शेटच्या डिझेलला टर्बो आहे. "टर्बो म्हंजे इंजिनाच्या नाकात पंप," हे ते कुणी न विचारता सांगतात.

गेल्या मे महिन्यात त्यांना बोरिवलीच्या एका गृहस्थांचा फोन आला. "आमचा कॅम्पर वर ओढून न्यायचाय." शेट तासाभराने पोहोचले ते चिडूनच. आमच्याकडे कॅम्पर म्हणजे डबल केबिनची बोलेरो. तिला ओढायची वेळ येते म्हणजे मालकाने आधी लाज सोडलेली असते. कापड्याच्या पुढे जाऊन बघतात तर काय, वळणावर चाकांवरचं घर उभं, आणि ते ओढणाऱ्या गाडीचा क्लच दमलेला! खिडक्यांना पडदे, आत ओटा, सिंक, संडास. सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. ते प्रत्यक्षात असं दिसतं हे शेटना त्या दिवशी कळलं. त्यांनी घराला एक प्रदक्षिणा घातली.

"घरच न्यायचं होतं तर आमच्याकडं मागायचं. निम्मा गाव मुंबईला. कुलपं लावलेली पडलीत."

मग मागचं दार उघडून त्यांनी सामान बाहेर काढायला लावलं. पाण्याच्या पेट्या, खुर्च्या, शेगडी, सगळं मागच्या टोकाला रचलेलं. "गाडी उलाळ केलीत वो!" शेटच्या आज्यांनी बैलगाडी हाकली होती, त्यामुळे हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मागे वजन जास्त झालं की पुढचं टोक उचलतं आणि गाडी वळणावर शेपूट हलवायला लागते. बैलाच्या मानेवर थोडं वजन हवंच. तसं ओढायच्या गाडीचा साधारण दहावा हिस्सा हूकवर यायला पाहिजे. पाण्याची टाकीही त्यांनी रिकामी केली. गृहस्थ हळहळले, ते बोरिवलीहून भरून आणलेलं फिल्टरचं पाणी होतं.

चढताना शेट रुबाबात. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हे कायद्यातच आहे. ते कलम ते खिडकीतून डोकं काढून समोरच्याला ऐकवतात, शिव्यांसकट. दुसरा गेर, मधेच पहिला, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. कुंभरोशीला आलं की थांबायचं, प्रतापगडाकडे बघून हात जोडायचे, बॉनेट उघडून उगाच आत बघायचं.

उतरताना मात्र हा माणूस ओळखू येत नाही. गप्प बसतो. ज्या गेरात चढला त्याच गेरात उतरतो, ब्रेकवर नुसता पाय टेकवून ठेवत नाही. लायनर तापून एकदा वास सुटला की पुढे पायाखाली काहीच लागत नाही, आणि मागचं घर ढकलत असतंच. चढणाऱ्याला वाटही निमूट देतो.

म्हणूनच भाड्याचा हिशेब उलटा. वर न्यायचे तीन हजार, खाली आणायचे पाच. गृहस्थ खवळले. "उतारावर डिझेल कुठे लागतं?"

"डिझेल न्हाय लागत," शेट म्हणाले, "मी लागतो."

गृहस्थांनी तोवर गाडीचा क्लच महाबळेश्वरात दुरुस्त करून घेतला, पाच हजार वाचवले आणि पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला उतरायचं ठरवलं. शेटनी अजिबात मनाला लावून घेतलं नाही. उलट आठवणीने एका चिठ्ठीवर वाईच्या टोचनवाल्याचा नंबर लिहून दिला. तो त्यांचा मावसभाऊ.