टाकीत राम, ताटात शार्क

अहो, शौक कुणी करू नये असं नाही, पण घराची काही चाड? दिवाणखान्यात काचेची टाकी आणायची, दिवा लावायचा, बबलर सोडायचा, आणि आत नांदवायचं कुणाला? तर एक काळी विधवा, जोडीला दोन कैदी, एक तांबडा सैतान आणि एक अमेरिकन मुष्टियोद्धा! ब्लॅक विडो टेट्रा, कॉन्व्हिक्ट, रेड डेव्हिल आणि जॅक डेम्प्सी, सगळे मासेच. खरा डेम्प्सी १९१९ ते १९२६ हेवीवेट जगज्जेता होता. हा मासाही शेजाऱ्याला दोन ठोसे दिल्याशिवाय जेवत नाही म्हणतात. आणि ती विधवा? पलीकडच्या दुकानात तिलाच ‘ब्लॅक स्कर्ट’ म्हणून विकतात! किसिंग गुरामीबद्दल तर बोलूच नका. दिवसाढवळ्या, मुलाबाळांदेखत तोंडाला तोंड. जाणकार सांगतात, ते प्रेम नव्हे, नरांची जुंपलेली असते. म्हणजे चारचौघांत मारामारी, ती वर अशी!

‘जर्मन राम’चं प्रकरण त्याहून खमंग. क्रॉफर्ड मार्केटात मागा, पिशवीत भरून देतील. हा ना जर्मन, ना राम. मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा. मॅन्युएल रामिरेझ नावाच्या मासे गोळा करणाऱ्या गृहस्थाचं नाव १९४८ साली या माशाला दिलं, शौकिनांनी त्याचं शेपूट छाटून ‘रॅम’ केलं, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा राम झाला. पुढे जर्मनीत पैदास झाली म्हणून जर्मन. शास्त्रज्ञांचा तोरा म्हणाल तर त्यांनीही याला एका घरात टिकू दिलं नाही: आधी एपिस्टोग्रामा, मग पॅपिलिओक्रोमिस, आता मिक्रोजिओफॅगस. कुळं बदलत गेली, राम तेवढा टिकला.

मॉलीचं तर खानदान ऐका. १८२१ साली लेस्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं नेपोलियनच्या खजिना-मंत्र्याच्या, मोलियँसाहेबांच्या मानार्थ एका माशाच्या प्रजातीचं नाव ‘मोलिएनेसिया’ ठेवलं. शौकिनांनी साहेबांची मॉली केली. पुढे शास्त्रज्ञांनी ती प्रजातीच मोडीत काढली, मासा पोसिलियात घातला. मंत्री गेले, मॉली उरली, आणि आज ती दुकानात डझनावारी मिळते. प्लॅटीचंही तेच, ‘प्लॅटीपोसिलस’ हे प्रजातीचं नाव कधीच बाद झालं. गप्पीचीही हीच गत: त्रिनिदादच्या गप्पीसाहेबांच्या नावाचं बारसं १८६६ साली झालं खरं, पण सात वर्षं आधीच पीटर्स नावाच्या जर्मनानं त्याच माशाला दुसरं नाव देऊन ठेवलं होतं! शास्त्रीय नाव पीटर्सचं लागलं. नगरपालिकेची माणसं मात्र डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात ते गप्पी मासेच.

म्हणून लॅटिन येणाऱ्या मंडळींनी नाक मुरडू नये. त्यांच्या घरातली भांडणं कमी का आहेत? कार्डिनल टेट्राला १९५६ साली दोन बाजूंनी दोन नावं दिली, आणि निकाल लागला अवघ्या एका दिवसाच्या फरकानं. जिंकलं ते ‘अ‍ॅक्सेलरोडी’. नाव हर्बर्ट अ‍ॅक्सेलरोड यांचं, आणि ते छापलं कुठल्या मासिकात? त्यांच्याच! मी काही म्हटलेलं नाही हं, फक्त सांगितलं.

राहता राहिला ‘शार्क’. दुकानदार बोटभर चंदेरी मासे दाखवून म्हणतो, शार्क घ्या, टाकी शोभेल. तो शार्क नव्हेच, मेकाँग नदीकडचा मिशाळ पँगॅसियस. शास्त्रीय नाव ‘पँगॅसियानोडॉन हायपोफ्थाल्मस’, ज्याचं दुकानात ‘पंगेश’ होतं. मीटरभराच्याही वर जातो, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून येतो तोही बहुतेक हाच. पाहुणे टाकीतल्या शार्कचं कौतुक करत बासा फ्रायचा दुसरा तुकडा उचलतात, यजमान लिंबाची फोड पुढे करतात, आणि काचेच्या आतला शार्क दोघांकडे टक लावून बघतो. नाव ठेवायचं तर आता कुणाला ठेवायचं, सांगा!