प्रवास एक, भाडी तीन

डोंबिवलीहून अंधेरीला जायचं तर दादरला उतरून, पुलावरची रेटारेटी सोसत, मध्य रेल्वे सोडून पश्चिम रेल्वे पकडावी लागते. या दोन वेगळ्या रेल्वे आहेत. १९५१ पासून दोघींचे महाव्यवस्थापक वेगळे, कारभार वेगळा, हिशेबही वेगळे. तरीही डोंबिवलीच्या खिडकीवर ‘अंधेरी, व्हाया दादर’ म्हटलं की एकच तिकीट मिळतं. भाडं सलग अंतराचं. कोणाच्या वाट्याला किती पैसे जायचे, ते त्या दोघी आपसात बघून घेतात.

आता याच डोंबिवलीकराला गोरेगाव पूर्वेला, हायवेलगतच्या ऑफिसात नोकरी लागली असं समजा. त्याच्यासमोर मेट्रोचा रस्ता आहे. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो एक, मग वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानकात उतरून पूल ओलांडायचा आणि गुंदवलीला मेट्रो सात धरायची. प्रवास एका माणसाचा, एका सकाळचा, आणि भाडी तीन. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो तीन घेतली तरी तेच. कारण मेट्रो एक खासगी कंपनीच्या ताब्यात, दोन-अ आणि सात एमएमआरडीएच्या कंपनीकडे, तर तीन ही केंद्र आणि राज्याच्या संयुक्त कंपनीकडे. मालक कोण याच्याशी प्रवाशाला काहीही देणंघेणं नाही. भुर्दंड मात्र त्यालाच.

हा भुर्दंड कसा बसतो ते नीट पाहायला हवं. भाड्याचा पहिला टप्पा नेहमी महाग असतो आणि अंतर वाढेल तसं किलोमीटरमागचं भाडं उतरत जातं. मेट्रो तीनवर एका स्टेशनापुरतं गेलात तरी किमान दहा रुपये. तीच गाडी आरे ते कफ परेड हे साडेतेहतीस किलोमीटर अंतर सत्तर रुपयांत नेते, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास. लांबच्या प्रवासाला मिळणारी ही सवलत न्याय्य आहे. पण गाडी बदलताना कंपनीही बदलली की अंतर पुन्हा शून्यापासून मोजलं जातं आणि प्रवासी पुन्हा महागड्या पहिल्या टप्प्यावर येतो. ज्याच्या नशिबी थेट गाडी नाही, दोनदा जिने चढायचे आहेत, त्याच्याच खिशाला जास्त चाट. त्यात शेवटी बस घ्यावी लागली तर मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडंही पाचाचं दहा झालं आहे.

यावर उत्तर म्हणून आपल्याला अॅप दाखवलं जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ आलं. त्याआधी २०१९ मध्ये देशभर एकच कार्ड चालवायची घोषणा झालेली होतीच. सोय चांगली आहे, रांगा वाचतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोबाइलवर तीन तिकिटं एकत्र आली म्हणून तीन भाड्यांचं एक भाडं होत नाही, त्यांची फक्त बेरीज होते. मुंबईकराची अडचण पैसे कसे भरायचे ही कधीच नव्हती. किती भरायचे ही आहे.

या शहराला परवडणाऱ्या भाड्याची किंमत कळते. लोकलचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो आणि महिनाभर कितीही वेळा चालतो. बदलापूर, विरार, पनवेलला घर करून मुंबईत नोकरी करता आली ती याच पासामुळे. जून २०१४ मध्ये रेल्वेने हा हिशेब पंधराऐवजी तीस प्रवासांचा करायचं ठरवलं. पास दुपटीच्या घरात जाणार म्हटल्यावर मुंबई खवळली आणि चार-पाच दिवसांत दिल्लीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. भाडं हा राजकीय निर्णय असतो आणि तो बदलता येतो, हे आपण तेव्हा पाहिलं आहे.

लोकल आणि सगळ्या मेट्रो मिळून चालेल असा एक मासिक पास मात्र मुंबईकराच्या हाती अजून पडलेला नाही. मोठ्या शहरांत वाहतुकीसाठी एकच अधिकारी संस्था असावी, असं केंद्राच्या शहरी वाहतूक धोरणात २००६ मध्येच लिहिलं गेलं. कागद तयार आहे. उणीव आहे ती प्रत्येक कंपनीला ‘भाडं सलग अंतराचं घ्या आणि पैसे आपसात वाटा’ असं ठणकावून सांगू शकणाऱ्या हाताची. त्यात काही कोटींची तूट येईल. ती सरकारने सोसावी. मेट्रोच्या खांबांवर आणि बोगद्यांवर हजारो कोटी ओतल्यावर, माणसं त्यात बसतील एवढं भाडं ठेवायला हात आखडता घेणं मला मान्य नाही. मेट्रो महाग पडली की माणूस पुन्हा लोकलच्या दारात लटकतो, नाहीतर दुचाकी काढतो.

पुणेकरांनीही आत्ताच सावध व्हावं. तिथल्या पहिल्या दोन मेट्रो महामेट्रोच्या आहेत, आणि हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग वेगळ्या यंत्रणेकडे. सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना भाडं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही, हे लेखी मागून घ्या.

मुंबईकरांनी मागायचं ते एवढंच: दादरच्या पुलावर इतकी वर्षं जे चाललं आहे, ते घाटकोपर, मरोळ नाका आणि गुंदवलीलाही लागू करा. पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आलं, तर नव्या मेट्रोचं भूमिपूजन कधी हे विचारू नका. सलग भाडं कधी, ते विचारा.