सॉकेट जुळलं, पत्रिका नाही

एएमडीचा २०१७ सालचा पहिला रायझन प्रोसेसर ज्या एएम४ सॉकेटात बसला, त्याच सॉकेटात २०२० चा रायझन ५००० सुद्धा बसतो. बसतो, एवढंच. पंखे फिरतात, दिवे लुकलुकतात, स्क्रीन काळी. मग दुकानदार रॅम काढून खोडरबरने घासतो. हा आपल्याकडचा सर्वरोगहर उपचार. प्रोसेसर धडधाकट असतो, फक्त बोर्डावरच्या जुन्या बायोसने, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, त्याचं नाव ऐकलेलं नसतं. बायोस अपडेट करा म्हणावं, तर त्यासाठी कॉम्प्युटर सुरू हवा. तो सुरू व्हायला बायोस अपडेट हवा. लग्नाशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! २०१८ मध्ये अशाच पेचात अडकलेल्या ग्राहकांना एएमडीने एक साधा प्रोसेसर चक्क उसना दिला होता. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हने बायोस बदलायचं बटण असतं. ते बहुधा आपण पैसे वाचवायला नाकारलेल्या बोर्डावर असतं.

तेव्हा जुना प्रोसेसर विकायची घाई नको. आधी त्याच्याकडूनच बायोस अपडेट करून घ्या, मग त्याला खुशाल निवृत्त करा.