चारचौघांत सर्वज्ञ कसे व्हावे

सर्वज्ञ व्हायला सगळे माहीत असावे लागत नाही. एका विषयातून दुसऱ्यात सटकायच्या चोरवाटा तेवढ्या पाठ हव्यात. नवशिक्यांनी रोगप्रतिकारशक्ती, सरंजामी जपान आणि व्युत्पत्ती हे तीन विषय धरावेत. यांवर सहसा कोणी उलटून बोलत नाही.

बारसे असो वा कोजागरी, कोणीतरी शिंकतेच. मग इम्युनिटी वाढवणारा काढा सांगत काकू पुढे सरसावतात. त्यांना आले-गवती चहापर्यंत पोहोचू द्यावे आणि हळूच म्हणावे, "पण काकू, ती शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली की आमवात होतो हो!" काकू गुडघा चोळू लागतात. टी-पेशींबद्दल कोणी खोदून विचारलेच, तर 'जन्म अस्थिमज्जेत, शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत' एवढे सांगून तडक जपान गाठावा.

वाट देवीच्या रोगातून जाते. दाते मासामुने या सरदाराचा उजवा डोळा लहानपणी देवीने गेला, तरी तो मोठा लढवय्या झाला. तिथून तोकुगावा घराण्यावर यावे. शोगुन इएमित्सूने १६३५ मध्ये सरदारांना एक वर्ष आपल्या मुलखात, एक वर्ष एदोत (आजच्या टोकियोत) राहायला लावले. बायकामुले एदोतच ओलीस. लवाजम्यासह येण्याजाण्यातच तिजोरीला गळती लागायची. बंडाला पैसा उरणार कुठून? हे सांगताना घरजावयाकडे पाहू नये.

आता परतीची वाट. जेन्नरने १७९६ मध्ये गायीच्या देवीतून लस शोधली. जपानने मात्र युरोपियनांना दारे लावून घेतली होती. डचांना फक्त नागासाकीच्या बंदरातले देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट मोकळे. लसीची उपयोगी पडलेली खपली जपानात पोहोचायला १८४९ उजाडले. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाक्का', त्यावरून व्हॅक्सिन. झाली की नाही व्युत्पत्ती सुरू?

पुढे पोर्तुगीज तयारच असतात. आपला पाव त्यांचा, जपान्यांचा 'पान'ही त्यांचाच. (हे जेवणानंतर सांगू नये. विडा पुढे येतो आणि विषय बुडतो.)

एवढ्यात कोणी 'अरिगातो' हा शब्द पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला असे ठोकून दिले, तर तो प्रतिस्पर्धी सर्वज्ञ समजावा. पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३ मध्ये. अरिगातोचे मूळ रूप त्याच्या कित्येक शतके आधीपासून जपानीत आहे. पण हे लगेच बोलू नये. त्याच्या सासरची मंडळी आइस्क्रीम घेऊन जवळ येईपर्यंत थांबावे.