थंडी आहेच कुठं?

डिसेंबरात वाईहून वर येणाऱ्या वडापमध्ये गर्दीबद्दल कोणी तक्रार करत नाही. नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा कोंबली तर उन्हाळ्यात भांडणं होतात. हिवाळ्यात आम्ही पंधराव्या माणसाची वाट बघतो. शेजाऱ्याच्या अंगाची ऊब भाड्यातच धरलेली असते. पसरणीचा घाट असा एकमेकांना चिकटून चढला, की दांडेघरच्या पुढं ड्रायव्हर हॉर्न देतो आणि म्हणतो, "सर, तुमचं इंजान आलं बघा."

रस्त्याच्या कडेनं नाकातोंडातून वाफ सोडत एक गाठोडं सायकलवरून चाललेलं असतं. गाठोड्याला वरच्या बाजूला नाक आहे, म्हणून आत माणूस आहे हे कळतं. हे आमच्या शाळेचे भाऊसाहेब.

भाऊसाहेब म्हणजे ऑफिसातले क्लार्क. फीच्या पावत्या, दाखले, पगारपत्रकं सगळं त्यांच्याकडं. पण ही जात एकट्या आमच्या शाळेची नाही. पाचगणीत बोर्डिंग शाळा उदंड, प्रत्येक शाळेला ऑफिस, आणि प्रत्येक ऑफिसात थंडीच्या दिवसांत सायकल मारत येणारा एकजण असतोच. बँकेत असतो, पोस्टात असतो. सगळ्यांचं बोलणं एक, चेहरा एक. निदान नाक तरी एकच, लाल.

हे लोक थंडीत सायकल चालवतात ही बातमी नव्हे. थंडी वाजते हे ते कबूल करत नाहीत, ही खरी गोष्ट. भाऊसाहेब ऑफिसात शिरले की शिपाईमामा ठरलेला प्रश्न टाकतात, "काय भाऊसाहेब, आज गारठा लई हाय न्हाय?"

"गारठा? कुठाय गारठा? ही काय थंडी झाली?"

एवढं वाक्य बोलता यावं म्हणून त्यांना आधी तोंड उघडं करावं लागतं, आणि त्याला दहा-बारा मिनिटं लागतात. आधी मफलर. तो तीन वेढ्यांचा असल्यामुळं मामा एक टोक धरून उभे राहतात आणि भाऊसाहेब स्वतःभोवती फिरतात. मग माकडटोपी. मग हातमोजे, आत लोकरीचे, वर रेक्झिनचे. मग जर्किन, मग बिनबाह्यांचा स्वेटर, मग बाह्यांचा स्वेटर. सातवीतल्या पोरांनी इतिहासाच्या तासाला इजिप्त शिकल्या दिवशीच भाऊसाहेबांचं 'ममी' असं नाव ठेवलं. आम्ही शिक्षक त्या पोरांना रागावलो आणि नाव मात्र वापरात ठेवलं.

शेवटी, शर्ट आणि बनियन यांच्या मधून, निघतो पेपर.

पेपरावर भाऊसाहेबांची निष्ठा आहे. त्यांचा सिद्धांत असा, की वारा माणसाच्या अंगात गळ्यातून शिरत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या गुंडीच्या मधून शिरतो. स्वेटरच्या विणीला भोकं असतात, कागदाला नसतात. फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत डोंगरमाथ्यावर पोचलेले खेळाडू प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीशी खुपसायचे आणि मग उतार उतरायचे, हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि त्या दिवशी स्टाफरूमला स्वखर्चानं चहा पाजला. कोणत्या वर्तमानपत्रात ऊब किती, याचा त्यांचा अभ्यास आहे. 'ऐक्य' सकाळच्या चढाला पुरतो. 'सकाळ' पुरवणीसकट घेतला तर परतीलाही चालतो. दिवाळी अंकाचा प्रयोग त्यांनी एकदा केला, पण तो पोटाशी वाकत नाही.

गंमत अशी, की त्या दिवसांत पेपराच्या पहिल्या पानावर हमखास एक बातमी असते: वेण्णा तलावावर दवबिंदू गोठले. सोबत गवतावरच्या पांढऱ्या थराचा फोटो, किंवा एखाद्या गाडीच्या टपावर बोटानं लिहिलेलं नाव. म्हणजे आमचे भाऊसाहेब महाबळेश्वरचं दहिवर छातीशी कवटाळून स्वतःला ऊब देतात.

या बातमीबद्दल त्यांच्या मनात थोडी असूयाही आहे. महाबळेश्वर आमच्यापासून एकोणीस किलोमीटर. तिथं हवामानखात्याची वेधशाळा आहे, तलाव आहे, लिंगमळा आहे, फोटोग्राफर आहेत. पाचगणीच्या थंडीला स्वतःचा आकडाच नाही. शेजारच्या घरून विरजण आणावं तसा तो रोज महाबळेश्वरहून आणावा लागतो. मी भूगोल शिकवतो, त्यामुळं एकदा चुकून खरं सांगून बसलो. म्हटलं, भाऊसाहेब, थंड हवा जड असते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि पाण्यासारखी उतारानं वाहत खोलगट जागी साचते. वेण्णेचा परिसर म्हणजे अशी बशी आहे, म्हणून तिथं दव गोठतं. आपण डोंगराच्या कडेवर. आपल्या इथली थंडी रात्रभर खाली कृष्णेच्या खोऱ्यात उतरत असते. सकाळी वाईवर धुक्याची दुलई दिसते ना, तिच्याखाली आपली थंडी असते.

"म्हणजे आपली थंडी वाईला जाते?"

"जाते असं म्हणायला हरकत नाही."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचं खरं दुखणं मात्र पुण्याला आहे. तिथं त्यांचे साडू राहतात. आपण थंड हवेच्या ठिकाणी राहतो, सव्वाचार हजार फुटांवर, म्हणजे थंडीचा मान आपल्या घराण्यात आपल्याकडं, अशी भाऊसाहेबांची समजूत लग्नापासून होती. पण हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री पुण्याचा पारा महाबळेश्वरच्या खाली जातो. निफाडचं तर नावच काढू नका. द्राक्षांच्या त्या सपाट मुलखात पारा पाच-सहावर आला की महाबळेश्वर बारा-तेरावर आरामात बसलेलं असतं. कारण तेच: उंचावरची गार हवा खाली सरकते, सपाटीवरची जागची हलत नाही. साडू मात्र कारणात पडत नाहीत. सकाळी सहाला फोन करून ते फक्त आकडा सांगतात. "आमच्याकडं नऊ. तुमच्याकडं तेरा का हो? मग सायकलवर पंखा बसवून घ्या."

त्या सकाळी भाऊसाहेब आणखी एक स्वेटर घालून येतात. अपमान झाला की त्यांना जास्त थंडी वाजते.

साडूंना उत्तर म्हणून त्यांनी वाऱ्याचं गणित शोधून काढलं. फीच्या पावतीच्या मागं त्यांनी मला ते करून दाखवलं, आणि कबूल करायला हवं की ते बरोबर आहे. तापमान दहा अंश असेल आणि अंगावर ताशी तीस किलोमीटरचा वारा येत असेल, तर उघड्या कातडीला जाणवणारी थंडी साडेसहाच्या आसपास असते. पुण्यात साडू नऊ अंशांत गादीवर पडलेले. इथं भाऊसाहेब साडेसहात सायकलवर. हिशेब चोख. फक्त त्यांनी एक गोष्ट पावतीवर मांडली नाही, की तीस किलोमीटरचा वेग त्यांना संध्याकाळी मिळतो. सकाळी चढ असतो. त्या चढाला त्यांची सायकल ताशी सहाच्या वर जात नाही, आणि वाटेत कुत्रं आडवं आलं तर तेवढीही नाही.

म्हणून त्यांचा प्रवास ऋतूंच्या दृष्टीनं विचित्र आहे. घर दांडेघरच्या बाजूला, शाळा बाजाराच्या पुढं, अंतर जेमतेम तीन किलोमीटर. स्वतः ते "घाट चढून येतो" असं सांगतात. खरं तर घाट संपतो तिथून त्यांची सायकल सुरू होते. निघताना हुडहुडी. पहिल्या किलोमीटरला मफलरच्या आत घाम. दुसऱ्या किलोमीटरला जर्किनची चेन खाली. सिल्व्हर ओकच्या रांगा लागल्या की कपाळावरून धारा. गोऱ्या साहेबाच्या काळात जॉन चेसननं पाचगणी वसवताना ही झाडं लावली, ती भाऊसाहेबांना टेकायला उपयोगी पडतात. थांबून जर्किन काढावं तर घामावर वारा लागून छातीत कळ येईल, न काढावं तर आत उकडून निघेल. पाचगणीच्या थंडीत उष्म्यानं हैराण झालेला माणूस बघायचा असेल तर सकाळी साडेसातला यावं.

संध्याकाळी याच्या उलट. सूर्य सहाच्या सुमाराला डोंगराआड जातो आणि गारवा असा येतो, जसं कुणी दार उघडं टाकलंय. दिवसभराचा घाम बनियनमध्ये गार होऊन बसलेला. त्यात उतार. पायडल मारायचं काम नाही, म्हणजे अंगात ऊब तयार होण्याचं कारण नाही. नुसतं बसायचं आणि ब्रेक धरायचा. घरी पोचल्यावर ब्रेकवरची बोटं वहिनी एकेक करून सोडवतात, असं मामा सांगतात. मामांचं सगळं खरं मानू नये, पण दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचं अक्षर दुपारपर्यंत वाचता येत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. एका मुलाच्या दाखल्यावर जन्मगाव 'सातारा'च्या जागी 'सहारा' झालं होतं.

सायकल वडिलांची. काळी, बावीस इंची, चेनकव्हरवाली, डायनामो लावलेली. डायनामो चाकाला टेकवला की सायकल जड होते आणि दिवा मिणमिणतो. चढाला दिवा लावून आलं तर उजेड असा पडतो, की रस्त्यापेक्षा दिवाच शोधावा लागतो. गेल्या जानेवारीत मशीनचं तेल संपलं म्हणून त्यांनी चेनला खोबरेल घातलं. पाचगणीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल लागत नाही, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. रात्रीत चेनवर पांढरी साय धरली. सकाळी भाऊसाहेबांनी पायडलवर उभं राहून जोर दिला, सायकल जागची हलली नाही, भाऊसाहेब मात्र हलले. त्या दिवशी हाताला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाले, "दार लागलं."

थंडीची बाजू घ्यायला त्यांच्याकडं साक्षीदार पुष्कळ. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी 1912 साली क्षयाच्या रोग्यांसाठी इथं बेल-एअर काढलं, ते या हवेवर भिस्त ठेवूनच. तेव्हा आपण फुकटात औषध घेतो, तुम्ही वडापमध्ये बसून डिझेल घेता. फ्रेडी मर्क्युरी सेंट पीटर्सला शिकला. त्याचा आवाज याच गारठ्यानं कमावला. अलीकडं फिनलंडचं ओउलू शहर त्यांच्या बोलण्यात येतं. तिथं शून्याच्या खाली, बर्फातून पोरं सायकलनं शाळेत जातात. तो व्हिडिओ त्यांनी स्टाफच्या ग्रुपवर इतक्यांदा टाकला, की ओउलूची पोरं आता आम्हाला नातलग वाटतात.

या सगळ्यात एकदाच त्यांना निरुत्तर झालेलं मी पाहिलं. आमच्या बोर्डिंगला दूध घालणारा दादा बरीच वर्षं सायकलला दोन्हीकडं कॅन लावून पहाटे यायचा. त्याला कधी कुणी थंडीबद्दल विचारलं नाही आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही. कानाला एक टॉवेल बांधलेला, बस्स. त्यानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली तेव्हा भाऊसाहेबांना वाईट वाटलं. फाटकात अडवून म्हणाले, "काय हे? सायकल सोडलीस? अरे, थंडीतली सायकल म्हणजे अमृत!"

दादा कॅन उतरवता उतरवता म्हणाला, "भाऊसाहेब, उद्याच्याला तुमी या की कॅन लावून. अमृत मी बघतो."

भाऊसाहेबांनी मफलर एक वेढा वर घेतला आणि आत गेले.

संक्रांत सरते. स्ट्रॉबेरीच्या गाड्यांवर मुंबईची माणसं क्रीम खात स्वेटरमध्ये फोटो काढतात, त्यांच्याकडं भाऊसाहेब अनुभवी नजरेनं पाहतात. फेब्रुवारी अर्धा झाला की त्यांची कळा उतरू लागते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, असं आमच्याकडं म्हणतात. भाऊसाहेब त्या आधीच्या आठवड्यात कॅलेंडरकडं असे बघतात, जसं मुलगी सासरी निघाली आहे. मामा प्रश्न विचारत नाहीत. विचारून काय उपयोग? खरंच थंडी नसते.

यंदा शिवरात्रीनंतरच्या सोमवारी वडाप दांडेघरला थांबली. पांढरा शर्ट, डोक्यावर काही नाही, हातात डबा. मी आधी ओळखलंच नाही. भाऊसाहेबांना कान आहेत हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. सोळावे म्हणून ते माझ्या शेजारी घुसले.

"सायकल?" मी विचारलं.

"आता कसली सायकल, सर? ऊन बघा की."

जीप निघाली. सिल्व्हर ओकच्या रांगा लागल्या, आणि भाऊसाहेब माझ्या अंगावरून हात लांब करत म्हणाले,

"तो ताडपत्रीचा पडदा जरा खाली सोडा हो. गार लागतंय."