उपजत नाना

नानांचा गळा उपजत आहे. हे आम्हांला नानांकडूनच कळलं. 'शिकून गाणारे' हे शब्द ते 'रेशनचे तांदूळ खाणारे' अशा सुरात उच्चारतात. गणपतीत, बारशाला, साठीशांतीला, कुणी आग्रह करायच्या आत ते खाकरून गळा साफ करतात. तेवढा भाग सुरात असतो.

"कुमार गंधर्व कुणाकडे शिकले होते हो? तबकड्या ऐकून गायचं पोर!" हा नानांचा हुकमाचा एक्का. खोटा नाही. पण त्याच पोराला पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकायला ठेवलं, इथवर गोष्ट आली की नाना अडकित्ता शोधायला उठतात. भीमसेन जोशी गुरूच्या शोधात १९३३ साली अकराव्या वर्षी घरातून पळाले, पार जालंधरपर्यंत हिंडले आणि शेवटी सवाई गंधर्वांच्या घरी राबले, असं कुणी सांगितलं की म्हणतात, "पळाले, हे महत्त्वाचं. मीही शाळेतून पळायचो."

पुतणी गाण्याची 'मध्यमा पूर्ण' परीक्षा पास झालेली. ती एकदा भीत भीत म्हणाली, "नाना, ही बंदिश नवव्या मात्रेपासून उठते."

"मी उठवीन तेव्हा उठेल."

तीनतालाच्या १६ मात्रा नानांना मान्य आहेत. त्या दर आवर्तनात सोळाच भराव्यात, हे मान्य नाही. तान घेऊन ते कधी चौदाव्या मात्रेवर उतरतात, तर कधी सम उलटून तिसरीवर. यावर आमच्या तबलजीने तोड काढली आहे. तान सुरू झाली की तो ठेका सोडून बारीक रेला धरतो आणि नजर नानांच्या उजव्या हातावर ठेवतो. हात मांडीकडे झुकला की याचा पंजा डग्ग्यावर तयार. पेटीवाल्याचं बोट षड्जावर. मांडीवर थाप पडते आणि त्याच क्षणी खणखणीत 'धा'! मंडळी 'वा' म्हणून मोकळी होतात. नाना पुतणीकडे वळतात : "मोजली का मी एक तरी मात्रा?"

तबलजी गुरूपुढे वर्षानुवर्षं बसून तयार झालेला माणूस. नानांकडून तो दीडपट बिदागी घेतो. नाना ती खुशीने देतात.

"माझ्या साथीला बसायचं म्हणजे छाती लागते," म्हणतात.

तबलजी मनापासून मान डोलावतो.